एका राणीच्या अनेक कथा

काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी विष्णुभट गोडसे यांना धुळीने माखलेली, पठाणी वेषातील एक स्त्री भेटली. ती झाशीची राणी होती. वरसईच्या या भिक्षुकाने पाणी ओढून देऊ केले. परंतु विद्वान ब्राह्मणाकडून असे काम घेणे राणीला रुचले नाही. तिने स्वतःच मडक्याने पाणी ओढले आणि ओंजळीने ती प्याली. 'माझा प्रवास' वाचलेल्या मराठी वाचकाच्या मनातून हा प्रसंग सहसा जात नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याला मात्र तेथे थांबून विचारावे लागते : हे लिहिले केव्हा?

घटना 1858 सालची. गोडसे भटजींनी लेखणी हाती घेतली ती सुमारे पंचवीस वर्षांनी, चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहावरून. पंचवीस वर्षांत स्मृती काय काय करते, हे या ग्रंथासाठी शाळेच्या आठवणी लिहिणाऱ्या आपल्या माजी विद्यार्थ्यांना सांगावयास नको. शिवाय लेखकाच्या निधनानंतर, 1907 साली, वैद्यांनी ही हकीकत प्रसिद्ध केली ती जशीच्या तशी नव्हे. त्यांनी भाषा नीटनेटकी केली, मजकुरातही फेरफार केले. मूळ हस्तलिखित सुदैवाने पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात सुरक्षित राहिले आणि 1966 साली दत्तो वामन पोतदारांनी ते छापविले. म्हणजे जवळजवळ साठ वर्षे मराठी वाचक जे 'डोळ्यांनी पाहिलेले' म्हणून वाचत होता, ते दुसऱ्याच्या हातून गेलेले होते. वैद्यांना दोष देण्याचे कारण नाही; त्या काळी संपादन म्हणजे हेच, अशी पुष्कळांची समजूत होती.

राणीविषयीचे खरे कोडे तिच्या पत्रांत आहे. 8 जून 1857 रोजी झाशीच्या जोखनबागेत इंग्रज स्त्री-पुरुष व मुलांची कत्तल झाली. त्यानंतर थोड्याच दिवसांत राणीने जबलपूरचा कमिशनर अर्स्किन याला पत्रे धाडली. शिपायांनी हे कृत्य केले, आपल्याकडूनही धमकावून पैसा उकळला, असे तिने कळविले. इंग्रज अधिकारी येईपर्यंत कारभार तिनेच पाहावा, असे अर्स्किनने उत्तर दिले. या पत्रांचा अर्थ काय लावावयाचा?

इंग्रज लेखकांनी कत्तलीचा ठपका राणीवर ठेवला होता. दत्तात्रय बळवंत पारसनीसांनी 1894 साली मराठीत तिचे चरित्र लिहिले, तेव्हा त्यांचे वय अवघे चोवीस. इंग्रजी राज्यात राहून राणीचा बचाव करावयाचा तर मार्ग एकच होता : ती निर्दोष होती, इंग्रजांच्या वतीने झाशी सांभाळीत होती, परिस्थितीने तिला युद्धात ढकलले. पत्रे हा त्या बचावाचा आधार. पुढे झाशीचेच वकील वृंदावनलाल वर्मा यांनी हे चरित्र वाचले आणि ते अस्वस्थ झाले. त्यांनी आपल्या पणजीकडून राणीच्या ज्या गोष्टी ऐकल्या होत्या, त्यांतील राणी अशी नव्हती. 1946 साली, स्वातंत्र्य दाराशी आले असताना, त्यांची हिंदी कादंबरी निघाली. तीत राणी प्रारंभापासून स्वराज्यासाठीच लढते. दहा वर्षांनी महाश्वेतादेवींनी बंगालीत 'झाँसीर रानी' लिहिले. त्यासाठी त्या बुंदेलखंडात हिंडल्या आणि लोकांच्या तोंडची गीते व दंतकथा कागदपत्रांच्या शेजारी आणून बसविल्या.

माझ्या मते पारसनीस आणि वर्मा या दोघांनीही राणीला बदलू दिले नाही. जून 1857 आणि मार्च 1858 यांच्यामध्ये नऊ महिने गेले. त्या काळात ओरछाच्या फौजेने झाशीवर चाल केली. राणीने इंग्रजांकडे मदत मागितली, ती आली नाही. मग तिने स्वतः सैन्य उभारले, तोफा ओतविल्या आणि शत्रूला परतविले. नऊ महिने एकटीने राज्य राखलेली स्त्री मार्चमध्ये ह्यू रोजसमोर उभी राहिली, ती जूनमध्ये पत्र लिहिणारीच स्त्री होती असे कसे म्हणावे? तिची पत्रे खरी आणि तिचे युद्धही खरे. आरंभापासूनच एक निश्चित हेतू हवा, हा हट्ट चरित्रकारांचा.

दंतकथाही कधी कधी अनपेक्षित घराण्याच्या निघतात. झाशी न देण्याविषयीचे राणीचे ते सुप्रसिद्ध वाक्य आपल्यापर्यंत पोचले ते कोणा शाहिराकडून नव्हे. ऑस्ट्रेलियात जन्मलेला जॉन लँग हा वकील 1854 साली राणीला तिच्या दाव्यासंबंधी सल्ला देण्यासाठी झाशीस गेला होता. तिच्या मृत्यूनंतर, 1859 साली निघालेल्या त्याच्या प्रवासवर्णनात ते वाक्य आहे. आणि आपल्या स्नेहसंमेलनांत दरवर्षी कोणी ना कोणी मुलगी पाठीशी बाहुली बांधून लाकडी घोड्यावर बसते. प्रत्यक्षात दत्तक विधान झाले तेव्हाच, नोव्हेंबर 1853 मध्ये, दामोदरराव पाच वर्षांचे होते. झाशी सोडताना ते नऊ-दहा वर्षांचे असणार. बाहुलीवाचून प्रवेश रंगत नाही, हे मात्र मीही मान्य करतो. मुलींना तो बसविताना मीही ती कधी काढली नाही.

गोडसे भटजींकडे पुन्हा पुन्हा वळावेसे वाटते ते एवढ्यासाठी की त्यांना राणीविषयी काही सिद्ध करावयाचे नव्हते. मथुरेस बायजाबाई शिंदे यज्ञ करणार, तेथे दक्षिणा मिळेल आणि घरचे कर्ज फिटेल, म्हणून ते निघाले होते. वाटेत बंड भेटले. झाशीची लूट त्यांनी पाहिली, स्वतःही लुटले गेले, आणि तरीही नगरातील ग्रंथसंग्रह नष्ट झाल्याची हळहळ नोंदविण्यास विसरले नाहीत. विहिरीवरचा संवाद अक्षरशः तसाच झाला असेल असे मी म्हणणार नाही. पण त्या पुस्तकात राणीची कथा संपल्यावरही भटजींचा प्रवास चालूच राहतो. पैसा जवळ उरलेला नाही; खांद्यावर कावड आहे, तीत आईवडिलांना स्नान घालण्यासाठी गंगेचे पाणी आहे, आणि वरसई अजून दूर आहे.