नागरिकशास्त्राचा वर्ग कुणी भरवला?

शाळेतलं नागरिकशास्त्र म्हणजे इतिहासाच्या पुस्तकामागं चिकटवलेलं शेपूट. राज्यपाल कोण नेमतो, ग्रामपंचायतीची मुदत किती, पाठ करा, मार्क घ्या, विसरा. तलाठ्यानं अर्ज घेतला नाही तर पुढं काय करायचं, हे कोण शिकवतं?

सरकारं आपल्याला हवा तसा नागरिक घडवतात. फ्रान्सनं १८८२ च्या कायद्यानं शाळेतला धर्माचा तास काढून तिथं नीती नि नागरिकत्वाचा तास घातला. इंग्लंडनं २००२ पासून हा विषय माध्यमिक शाळांत सक्तीचा केला. पण ज्यांना गावानं माणूसच मानलं नाही, त्यांचे वर्ग शाळेबाहेर भरले.

आपल्या पालघरचंच बघा. तेव्हा हा सगळा ठाणे जिल्हा. वारली लग्नासाठी कर्ज काढायचा आणि नवराबायको दोघं सावकाराच्या दारी जन्मभर राबायची. त्याला लग्नगडी म्हणत. २३ मे १९४५ ला तलासरीजवळच्या झरी गावात हजारो वारली जमले. गोदावरी आणि शामराव परुळेकर किसान सभेचं काम करीत होते. ठरलं काय? वेठ करायची नाही. दिवसाला १२ आण्यांच्या खाली कामाला जायचं नाही. ना फळा, ना पुस्तक. पण 'नाही' म्हणायचा हक्क माणसाला असतो, हा पहिला धडा तिथं शिकवला गेला. त्याची फी रक्तात भरावी लागली. १० ऑक्टोबरला तलवाड्यात पोलिसांनी गोळीबार केला, त्यात ५ आदिवासी मेले.

अमेरिकेतल्या काळ्यांची गोष्ट वेगळी नाही. साउथ कॅरोलिनात मतदार व्हायचं तर राज्यघटनेचा उतारा वाचून दाखवावा लागे. गोऱ्यांनी लावलेली ही चाळणी. जॉन्स आयलंडवर १९५७ च्या जानेवारीत एका दुकानाच्या मागच्या खोलीत प्रौढांचा वर्ग सुरू झाला. शिकवणारी बर्निस रॉबिन्सन केस करायचं काम करायची, मास्तरीण नव्हती. पहिल्या वर्गात १४ जण. सेप्टिमा क्लार्कनं असे वर्ग दक्षिणेत पसरवले. वाचायला शिकणं आणि मत मिळवणं तिथं एकच काम होतं.

बाबासाहेबांनीही घटना लिहून हात झटकले नाहीत. घटना चालवणारी माणसं हवीत, हे त्यांनी ओळखलं. १९५६ साली मुंबईत त्यांनी राजकारणात येणाऱ्यांसाठी प्रशिक्षणशाळा काढली. त्याच डिसेंबरात बाबासाहेब गेले आणि शाळाही फार टिकली नाही. ते काम अर्धंच राहिलंय.

आता तारापूर. १९६९ ला अणुवीज आली, मग एमआयडीसी आली, कारखान्यांचं पाणी खाडीत गेलं. मासळीवर जगणाऱ्या मांगेल्यांची समाज परिषद २०१६ साली हरित लवादात गेली. लवादानं २०२२ च्या जानेवारीत प्रदूषण करणाऱ्या कारखान्यांना भरपाई भरायला सांगितली. कोळ्यांनी कायदा हातात धरून कारखानदाराला जाब विचारला. हा धडा बोईसरच्या पोरांना वर्गात मिळाला पाहिजे.

पेसा कायदा १९९६ चा, महाराष्ट्राचे नियम २०१४ चे. या जिल्ह्याच्या मोठ्या भागाला तो लागू आहे. ग्रामसभेला काय अधिकार आहेत, हे पाड्यावर किती जणांना ठाऊक आहे? २६ नोव्हेंबरला प्रास्ताविका मोठ्यानं म्हणतो, ती म्हणूच. पण दुसऱ्या दिवशी पाड्यावर जाऊन ग्रामसभेचं इतिवृत्त मागायचं, वाचायचं, वाचून दाखवायचं. कंत्राटी कामगाराची पगारचिठ्ठी त्याच्यासोबत बसून तपासायची. वर्ग भरवायला आपणच आहोत.