२ वाजून २१ मिनिटांनंतर

सकाळ

४ सप्टेंबर २०२२, रविवार. ज्येष्ठागौरी पूजनाचा दिवस. महाड-पोलादपूरच्या वाड्यांमध्ये त्या सकाळी अंगणं मोटारींनी भरलेली होती. वडखळ आणि माणगावची कोंडी सोसून चाकरमानी गणपतीला गावी आले होते. दुसऱ्या दिवशी गौरी-गणपतीचं विसर्जन, आणि मग त्याच मुंबई-गोवा महामार्गावरून परतीची रांग. परतीच्या गाडीत मागे कोण बसतं, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको: आजी, मांडीवर नात, पायाशी नारळ, डिकीत तांदळाची गोणी. पट्टा कुणालाच नाही. पुढच्या दोघांचे पट्टेही पोलीस दिसले की छातीवर येतात आणि नाका मागे पडला की निघतात.

त्याच दिवशी गुजरातच्या किनाऱ्यावरच्या उदवाड्याहून एक मर्सिडीज जीएलसी मुंबईकडे निघाली. उदवाड्याला पारशी समाजाची सर्वांत पवित्र अग्यारी आहे, इराणशाह. टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री तिथून परतत होते. वय ५४. वडील पालनजी मिस्त्री २८ जूनला गेले होते, त्याला जेमतेम सव्वादोन महिने झाले होते. गाडीत चौघं होते. पुढे एक डॉक्टर बाई चालवत होत्या, शेजारी त्यांचे पती. मागे मिस्त्री आणि त्या पतींचे भाऊ जहांगीर पंडोल. मागच्या दोघांनी पट्टे लावलेले नव्हते, हे पोलिसांनी पुढे सांगितलं.

या प्रवासातला निर्णायक क्षण माझ्या मते हाच, गाडीचं दार बंद होतानाचा. गाडी उत्तम होती. कंपनीने तिच्यात जे द्यायचं ते दिलं होतं. मागच्या सीटवरचे दोन पट्टे तेवढे खिळ्याला टांगल्यासारखे राहिले.

दुपारी २ वाजून २१ मिनिटे

पालघर जिल्ह्यात, तपासणी नाक्याजवळच्या सीसीटीव्हीत गाडी दिसते. तिथून अपघाताची जागा सुमारे २० किलोमीटर. पोलिसांच्या सुरुवातीच्या तपासानुसार हे अंतर गाडीने ९ मिनिटांत कापलं. हिशेब ताशी १३० किलोमीटरच्या वर जातो.

दुपारी अडीचच्या सुमारास, पाच सेकंद उरले असताना

पुढे चारोटीजवळचा सूर्या नदीवरचा पूल. तीन मार्गिकांचा रस्ता पुलावर दोन मार्गिकांचा होतो. पुलाच्या कठड्याची भिंत रस्त्याच्या कडेच्या पट्टीत घुसलेली आहे. आयआयटी खरगपूरच्या तज्ज्ञांनी नंतर हीच रचना सदोष ठरवली. म्हणजे सरळ जाणाऱ्या चालकाच्या समोर अचानक काँक्रीटचं टोक उभं राहतं.

महाडकरांना हे चित्र ओळखीचं वाटेल. वर्षानुवर्षं रखडलेल्या आपल्या महामार्गावर चौपदरी रस्ता बघता बघता वळणमार्गावर उतरतो, आणि रात्री पावसात ते टोक गाडीच्या दिव्यातच पहिल्यांदा दिसतं.

गाडीतल्या नोंदींवरून मर्सिडीजने दिलेल्या माहितीनुसार, धडकेच्या पाच सेकंद आधी वेग ताशी १०० किलोमीटर होता. ब्रेक दाबला गेला. भिंतीवर आदळताना वेग ८९ होता.

ताशी ८९ म्हणजे सेकंदाला सुमारे पंचवीस मीटर. दहा मजली इमारतीवरून खाली पडणारा माणूस जमिनीला लागतो तेव्हा त्याचा वेग साधारण एवढाच असतो.

शून्य ते तीस मिलिसेकंद

इथून पुढचं सगळं सेकंदाच्या दहाव्या भागात संपतं. डोळ्याची पापणी मिटून उघडायला याहून जास्त वेळ लागतो.

गाडीचा पुढचा भाग चुरगळू लागतो. पुढच्या बाजूला बसवलेले संवेदक आणि गिअरच्या दांड्याजवळ, खाली फरशीला लागून असलेली एअरबॅगची नियंत्रक पेटी एकच गोष्ट मोजत असतात: वेग किती झपाट्याने उतरतोय. हा उतार समोरून आणि पुरेसा तीव्र असेल तरच पेटी पुढच्या एअरबॅगना हुकूम देते. ढोबळमानाने, ताशी १३ ते २३ किलोमीटर वेगाने न हलणाऱ्या भिंतीवर आदळण्याइतका धक्का ही खालची मर्यादा. त्याहून हलक्या धडकेत बॅग उघडू नये अशीच योजना असते, कारण ती ताशी ३०० किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने बाहेर येते आणि विनाकारण उघडली तर स्वतःच इजा करते.

“गाडीचा चेंदामेंदा झाला, तरी एअरबॅग उघडली नाही,” असं घाटातल्या अपघातानंतर नेहमी ऐकू येतं. बऱ्याचदा त्याचं कारण या पेटीच्या हिशेबात असतं. उभ्या ट्रकच्या मागच्या भागाखाली गाडी घुसते तेव्हा बोनेट ट्रकच्या खाली सरकतं, छप्पर आणि काच फाटते, पण संवेदकाला अपेक्षित असलेला झटका उशिरा किंवा कमी मिळतो. खांबाला कडेने घासून गेलेल्या गाडीचंही तेच. आणि दरीत कोलांट्या खाणाऱ्या गाडीला समोरून असा एक मोठा धक्का बसतोच असं नाही. आंबेनळी घाटात २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठाची बस कोसळली आणि एकच माणूस जिवंत वर आला. त्या दरीसारख्या उतारावर समोरच्या एअरबॅगचा उपयोग फार थोडा. कोलांट्यांमध्ये माणसाला गाडीच्या आत, जागेवर धरून ठेवतो तो पट्टा.

या पेटीबद्दल महाडात एक गोष्ट मोठ्याने बोलायला हवी. २२ जुलै २०२१ च्या पुरात सावित्री आणि गांधारीचं पाणी बाजारपेठेत शिरलं आणि कित्येक गाड्या छपरापर्यंत बुडाल्या. नियंत्रक पेटी गाडीत सर्वांत खाली असते. सीटखालचे पिवळ्या रंगाचे जोड, स्टिअरिंगमागची गुंडाळी केलेली वायर, सगळ्यांत गढूळ पाणी आणि गाळ गेलेला. इंजिन धुऊन, तेल बदलून गाडी सुरू होते. गंज मात्र हळूहळू चढतो. अशा गाडीत चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद पेटून विझायला हवा. तो पेटलेलाच राहिला तर यंत्रणेत बिघाड आहे, आणि मुळीच पेटला नाही तर कुणीतरी तो दिवाच बंद करून गाडी विकली असण्याची शक्यता आहे. पूर पाहिलेली गाडी स्वस्तात घेणाऱ्याने टायरच्याही आधी हा दिवा पाहावा.

मोठ्या गाड्यांच्या तोंडाला लावलेले लोखंडी गार्डही हाच हिशेब बिघडवतात. धक्का संवेदकापर्यंत कसा पोहोचावा हे कंपनीने चाचण्या घेऊन ठरवलेलं असतं. गार्ड ते बदलून टाकतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच त्यांच्यावर कारवाई करायला राज्यांना सांगितलं होतं.

चारोटीच्या पुलावर मात्र यातलं काही आड आलं नाही. संवेदकांनी ओळखलं, पेटीने हुकूम दिला. गाडीतल्या चार एअरबॅग उघडल्याची नोंद आहे.

तीस ते शंभर मिलिसेकंद

ठिणगी पडून रसायन जळतं, वायू नायलॉनची पिशवी फुगवतो आणि लगेच तिच्या मागच्या छिद्रांतून बाहेर पडू लागतो. पिशवी अशी रिकामी होत असतानाच माणसाला झेलते. त्यासाठी माणूस योग्य अंतरावर आणि योग्य वेळी तिच्यापर्यंत पोहोचावा लागतो, आणि ते काम पट्ट्याचं. म्हणूनच स्टिअरिंगवर कोरलेल्या ‘एसआरएस’ या अक्षरांतल्या पहिल्या शब्दाचा अर्थ ‘पूरक’ असा आहे. पट्टा मुख्य, पिशवी त्याला जोड.

मागे काय घडतं? गाडी थांबते आहे, पण मागचे दोघं अजून ताशी ८९ नेच पुढे चालले आहेत. त्यांच्यासमोर पिशवी नाही. भारतात विकल्या जाणाऱ्या जवळपास कोणत्याच गाडीत मागच्या सीटसमोर एअरबॅग नसते. असलीच तर बाजूची, खिडकीवर पडद्यासारखी उतरणारी. समोर असते ती पुढच्या सीटची पाठ. त्या पाठीत सळ्या आहेत, आणि त्यापुढे पट्टा लावलेला माणूस आहे. जपानमधल्या अपघातांच्या नोंदींवर आधारलेला एक अभ्यास २००२ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. मागच्याने पट्टा लावला नाही, तर पुढे पट्टा लावून बसलेल्याच्या मृत्यूचा धोका सुमारे पाच पट होतो, असं त्यात आढळलं. आजीला पट्टा लावणं म्हणजे पुढे बसलेल्या लेकालाही वाचवणं. डिकीतल्या तांदळाच्या गोणीलाही हेच लागू आहे.

पुढचे तास

कासा इथल्या सरकारी रुग्णालयात सायरस मिस्त्री आणि जहांगीर पंडोल यांना मृत घोषित करण्यात आलं. पुढचे दोघं गंभीर जखमी होते. त्यांना वापीला आणि नंतर मुंबईला हलवलं. दोघंही वाचले.

संध्याकाळपर्यंत बातमी कोकणात मोबाइलवरून पोहोचली आणि प्रश्न सुरू झाला: एवढ्या महागड्या गाडीत एअरबॅग कशा नाही उघडल्या? हा प्रश्न चुकीच्या जागी विचारला गेला, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. उघडायच्या त्या उघडल्या होत्या.

प्रश्न रास्त ठरतो अशा घटना वेगळ्या आहेत, आणि त्यात ग्राहकाने गप्प बसू नये. दिल्ली-पानिपत महामार्गावर नोव्हेंबर २०१७ मध्ये ह्युंदाई क्रेटाला अपघात झाला, पुढच्या एअरबॅग उघडल्या नाहीत, मालक जखमी झाला. धक्का पुरेसा नव्हता, असं कंपनीचं म्हणणं. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळलं. वेग आणि बलाचे सिद्धांत लावून धक्क्याचा हिशेब करणारा भौतिकशास्त्रज्ञ ग्राहक असावा, अशी अपेक्षा धरता येणार नाही, हे न्यायालयाने स्पष्ट केलं आणि भरपाई व गाडी बदलून देण्याचा आदेश कायम ठेवला.

पुढचे दिवस

६ सप्टेंबरला केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी मागच्या प्रवाशांनीही पट्टा लावला नाही तर दंड होईल, असं जाहीर केलं. खरं तर केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या १३८ व्या नियमात ही सक्ती आधीपासून होती आणि दंड १,००० रुपये होता. अंमलबजावणी तेवढी नव्हती. मुंबईत १ नोव्हेंबरपासून सगळ्या प्रवाशांना पट्टा सक्तीचा झाला. लोकांनी बक्कलमध्ये अडकवायच्या खोट्या क्लिपा विकत घेतल्या, म्हणजे गाडीचा इशारा वाजू नये. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला ऑनलाइन विक्री करणाऱ्या पाच कंपन्यांना त्या क्लिपा हटवायला सांगावं लागलं.

सहा एअरबॅगांची सक्ती ऑक्टोबर २०२३ पासून येणार होती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गडकरींनी सांगितलं की ती होणार नाही. मागच्या सीटचा पट्टा मात्र पोलादपूरच्या स्टँडसमोर उभ्या असलेल्या जवळपास प्रत्येक गाडीत आहे. बक्कल तेवढं नव्या सीट कव्हरखाली दाबलेलं असतं, आणि ते वर काढायला एक मिनिटही लागत नाही.