पाण्याखालचे मणिबेली

नंदुरबार जिल्ह्याला समुद्र नाही. किनारा आहे तो नर्मदेचा. तिथल्या अक्कलकुवा तालुक्यातील मणिबेलीच्या जुन्या खुणा शोधायच्या, तर मला पाण्याकडेच बोट दाखवावे लागते. इथले शूलपाणेश्वराचे मंदिर नर्मदा परिक्रमेतले मोठे ठाणे. भोवतालची शूलपाणीची झाडी परिक्रमावासी धास्तावूनच ओलांडत. तिथे अंगावरचे वस्त्रही उरत नाही, अशी तिची ख्याती. (ही ख्याती लिहिणारे सारे बाहेरचे. झाडीत राहणाऱ्या आदिवासींची बाजू त्यात येत नाही, हे वाचताना मी विसरत नाही.)

१९७९ साली लवादाने सरदार सरोवराचा निवाडा दिला. महाराष्ट्रातल्या बुडीत गावांत मणिबेली पहिले. जागतिक बँकेने १९८५ मध्ये धरणासाठी ४५ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले होते. बँकेनेच नेमलेल्या मोर्स समितीने १९९२ मध्ये पुनर्वसनावर कठोर ताशेरे ओढले, आणि मार्च १९९३ मध्ये भारताने उरलेले कर्ज नाकारले. धरण मात्र थांबले नाही. त्याच पावसाळ्यात मणिबेलीत पाणी शिरले. १९९४ मध्ये मंदिर बुडाले. गुजरातेत गोरा येथे शूलपाणेश्वराचे नवे देऊळ उभे राहिले.

त्याच वर्षी ४४ देशांतल्या ३२६ संघटनांनी मोठ्या धरणांना बँकेने पैसा देऊ नये, असा जाहीरनामा काढला. त्याचे नाव ‘मणिबेली जाहीरनामा’.

धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. म्हणजे मणिबेलीचे जुने मंदिर या जिल्ह्याने पाण्याबाहेर कधी पाहिलेच नाही.