जमीन हवी, तसा तिच्यासाठी पैसाही हवा

बाबासाहेब म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे राज्यघटना येते. पण घटना लिहिण्याच्या आधी, मार्च १९४७ मध्ये, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनच्या वतीने त्यांनी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन तयार केले. आमच्या जमिनीच्या प्रश्नाचे मूळ तिथे आहे.

त्यात बाबासाहेबांनी दोन गोष्टी मागितल्या. पहिली, शेती सरकारी मालकीची असावी आणि गावाने ती सामुदायिक पद्धतीने कसावी. ना कुणी जमीनदार, ना कूळ, ना भूमिहीन मजूर. पाणी, बैल, अवजारे, खत आणि बियाणे यांचा खर्च सरकारने करावा. दुसरी, अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहतींसाठी आयोग नेमावा, सरकारी पडीक जमीन त्याच्या हवाली करावी आणि त्याला दरवर्षी किमान ५ कोटी रुपये द्यावेत. नुसती जमीन देऊन माणूस उभा राहत नाही, हे त्यांनी ओळखलं होतं.

घटनेत यातलं काही आलं नाही. मग रस्त्यावर उतरावं लागलं. ६ डिसेंबर १९६४ पासून कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली देशभर भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. आमच्या बायाबापड्या लेकरं काखेत घेऊन तुरुंगात गेल्या. महाराष्ट्रात २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरील भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. पण सातबाऱ्यावर नाव लागलं म्हणून विहिरीला पाणी लागत नाही, की बैल दावणीला येत नाहीत.

२००४ मध्ये दादासाहेबांच्याच नावाने सबलीकरण व स्वाभिमान योजना आली. अनुसूचित जाती व नवबौद्ध भूमिहीन कुटुंबाला ४ एकर जिरायत किंवा २ एकर बागायत जमीन सरकारने विकत घेऊन द्यायची. आधी निम्मी रक्कम कर्ज होती, २०१८ पासून पूर्ण अनुदान झाले. हे चांगलेच झाले. पण सरकारी दरात जमीन विकायला मालक तयार होत नाही, आणि मिळालीच तर एकेक कुटुंब एकटं पडतं.

बाबासाहेबांनी जमीन, भांडवल आणि एकी ही तिन्ही एकत्र मागितली होती. आपल्याला मिळाले ते तुकडे तुकडे. म्हणून गावाकडे ज्यांची शेती आहे त्यांनी विहीर, अवजारे, बी-बियाणे तरी सामायिक करावं, आणि बाकीच्यांनी ग्रामसभेत हक्काचा पैसा मागावा. मागितल्याशिवाय आपल्याला कधी काही मिळालेलं नाही.

जय भीम!