शेनमू मालिकेतील कथनगतीचा वाद

शेनमू ही जपानी गेम-रचनाकार यू सुझुकी यांनी निर्माण केलेली साहसी व्हिडिओ गेमची मालिका आहे. तिचे तीन मुख्य भाग अनुक्रमे १९९९, २००१ आणि २०१९ मध्ये प्रकाशित झाले असून तिची कथा अद्याप अपूर्ण आहे. वडिलांच्या खुन्याचा माग काढणाऱ्या एका तरुणाची ही कथा हेतुपुरस्सर संथ गतीने सांगितलेली आहे. हा संथपणा मालिकेचे बलस्थान आहे की तिच्या अपूर्णतेचे मूळ, याविषयी तिच्या चाहत्यांमध्ये दोन दशकांहून अधिक काळ वाद चालू आहे. या वादात ‘संथ’ हा एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. एक म्हणजे खेळताना अनुभवास येणारी दिवसाची गती आणि दुसरी म्हणजे भागागणिक कथानक पुढे सरकण्याची गती. पहिलीवर प्रेम करणारे अनेक चाहते दुसरीवर नाराज आहेत.

उगम

यू सुझुकी (जन्म १० जून १९५८) हे १९८३ मध्ये सेगा या कंपनीत रुजू झाले. हँग-ऑन, स्पेस हॅरियर, आउट रन आणि व्हर्चुआ फायटर हे त्यांचे गाजलेले गेम होत. हे सर्व गेम नाणे टाकून खेळण्याच्या यंत्रांसाठी बनवलेले होते. अशा यंत्रावर काही मिनिटांत खेळाडूला थरार द्यावा लागतो आणि नाणे संपले की खेळही संपतो. या घाईच्या माध्यमात ख्याती मिळवलेल्या रचनाकाराने पुढे व्हिडिओ गेमच्या इतिहासातील सर्वांत निवांत मालिकांपैकी एक घडवली, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

शेनमूची कल्पना प्रारंभी व्हर्चुआ फायटरमधील अकिरा या पात्रावर आधारित भूमिकाप्रधान गेम म्हणून पुढे आली. सेगा सॅटर्न या यंत्रावर सुरू झालेले काम नंतर ड्रीमकास्ट या नव्या यंत्राकडे वळवण्यात आले आणि गेमला स्वतंत्र पात्रे व स्वतंत्र कथा मिळाली. पहिला भाग २९ डिसेंबर १९९९ रोजी जपानमध्ये प्रकाशित झाला. त्याच्या निर्मितीचा खर्च त्या काळी ७ कोटी डॉलर असल्याचे सांगितले जात असे. सुझुकी यांनी २०११ मध्ये तो ४ कोटी ७० लाख डॉलर असल्याचे स्पष्ट केले. हा आकडा धरला तरी तो त्या काळातील सर्वांत खर्चिक गेमपैकी एक ठरतो. त्याच्या सुमारे १२ लाख प्रती विकल्या गेल्या. विक्री वाईट नव्हती, पण एवढ्या खर्चाला ती पुरेशी नव्हती.

कथानक

कथेचा आरंभ २९ नोव्हेंबर १९८६ रोजी जपानच्या योकोसुका शहरात होतो. अठरा वर्षांचा र्‍यो हाझुकी घरी परततो, तेव्हा त्याचे वडील इवाओ हे आपल्याच युद्धकला-शाळेत लान दी नावाच्या चिनी माणसाशी झुंजत असतात. लान दी त्यांना ठार मारतो आणि घराच्या आवारात दडवलेला ड्रॅगनचा आरसा घेऊन जातो. र्‍यो सूड घेण्याचा निश्चय करतो. पहिल्या भागात तो माग काढत काढत बंदरापर्यंत पोहोचतो आणि अखेरीस हाँगकाँगच्या जहाजात चढतो. दुसऱ्या भागात हाँगकाँग, कौलूनची दाट वस्ती आणि शेवटी गुइलिनचा डोंगराळ प्रदेश येतो. तेथे त्याची शेनहुआ या मुलीशी भेट होते. दोघे एका गुहेत शिरतात, भिंतीवर त्या आरशांची प्रचंड कोरीव चित्रे दिसतात आणि कथा तिथेच थांबते. चाहत्यांना पुढची पायरी पाहण्यासाठी त्यानंतर १८ वर्षे थांबावे लागले.

मूळ योजना ११ प्रकरणांची होती. पहिल्या भागात त्यातील पहिलेच प्रकरण आहे. सागरी प्रवासाचे दुसरे प्रकरण गेममध्ये वगळण्यात आले आणि दुसऱ्या भागाने तिसऱ्यापासून पाचव्यापर्यंतची प्रकरणे व्यापली. कथानकाच्या गतीविषयी बोलताना ही गोष्ट बहुधा विसरली जाते. दुसरा भाग पहिल्याच्या मानाने बराच वेगवान आहे.

दिवसाची गती

शेनमूमध्ये घड्याळ सतत चालू असते. सकाळ होते, दुकाने उघडतात, संध्याकाळी दिवे लागतात, डिसेंबरात बर्फ पडते. १९८६ सालच्या योकोसुकातील प्रत्यक्ष हवामानाच्या नोंदींनुसार गेममधील हवामान ठेवण्याची सोयही त्यात आहे. गल्लीतल्या प्रत्येक रहिवाशाची दिनचर्या ठरलेली असते. एखाद्याला विशिष्ट वेळी भेटायचे असेल तर खेळाडूला ती वेळ येईपर्यंत थांबावे लागते. पहिल्या भागात घड्याळ पुढे ढकलण्याची सोय नव्हती. वेळ घालवायचा तर र्‍यो खेळघरात जाऊन सुझुकी यांचेच जुने गेम खेळतो, खेळणी देणाऱ्या यंत्रात नाणी टाकतो, मांजरीच्या पिल्लाला खाऊ घालतो किंवा घरातील कपाटांचे कप्पे उघडून पाहतो. उघडलेल्या बहुतेक कप्प्यांतून कथेला उपयोगी असे काहीच निघत नाही.

पहिल्या भागाच्या उत्तरार्धात र्‍यो बंदरावर मालवाहू फोर्कलिफ्ट चालवण्याची नोकरी धरतो. रोज सकाळी सहकाऱ्यांशी शर्यत, मग खोकी उचलून एका गोदामातून दुसऱ्यात ठेवणे, जेवणाची सुट्टी, पुन्हा खोकी. वडिलांचा खुनी मोकाट असताना नायक खोकी वाहतो, हा प्रसंग मालिकेच्या टीकाकारांचे आवडते उदाहरण आहे. खलाशी कोठे भेटतील, असे र्‍यो गावभर विचारत हिंडतो तो भाग तर थट्टेचाच विषय झाला. मात्र नेमकी हीच नोकरी अनेक चाहत्यांना मालिकेतील सर्वोत्तम आठवण वाटते. त्यांचा युक्तिवाद असा की दुःखात असलेल्या माणसाचेही दिवस असेच जातात. जेवावे लागते, पैसे मिळवावे लागतात, शेजाऱ्यांशी बोलावे लागते. ही गल्ली खेळाडूच्या पायाखालची झाल्यामुळेच शेवटी ती सोडून जाताना त्याला काही गमावल्यासारखे वाटते. हा युक्तिवाद पटण्याजोगा आहे. निरोपाचे प्रसंग ज्या परिणामाने उतरतात, तो घाईच्या कथनात साधला नसता.

या निवांतपणाला एक छुपी मर्यादाही आहे. खेळाडू १५ एप्रिल १९८७ पर्यंत रेंगाळत राहिला तर लान दी स्वतः परत येतो आणि र्‍योला ठार करतो. बहुतेक खेळाडूंना हा शेवट कधीच दिसत नाही, कारण कथा त्याआधी बरीच लवकर संपवता येते. दुसऱ्या भागात सुझुकी यांनी ठरलेल्या वेळेपर्यंत थांबण्याची सोय दिली. संथपणाचे समर्थक तिचे स्वागत करतात. त्यांना निवांतपणा हवा असतो, नुसते ताटकळणे नको असते. वादातील पहिली महत्त्वाची रेषा येथे आखली जाते.

कथानकाची गती

मराठी प्रेक्षक दूरचित्रवाणीवरील लांबलेल्या मालिकेबद्दल ‘पाणी घातले’ असे म्हणतात. शेनमूवरील आक्षेप याहून थोडा वेगळा आहे. पाणी घातलेल्या मालिकेत प्रसंग निरर्थक असतात, पण पुढचा भाग उद्या येणार हे ठाऊक असते. शेनमूमध्ये प्रसंग सकस आहेत, पण पुढचा भाग येईलच याची शाश्वती नाही.

संथ निरूपण हा मुळात दोष नव्हे, हे मराठी वाचकाला वेगळे सांगावे लागत नाही. बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई येथे सोळाव्या-सतराव्या शतकात दासोपंतांनी गीतेच्या ७०० श्लोकांवर गीतार्णव हा ग्रंथ रचला आणि त्याची ओवीसंख्या परंपरेने सव्वा लाख मानली जाते. पण गीतेचा श्रोता कुरुक्षेत्रावर पुढे काय होणार हे जाणून असतो, म्हणून तो एका श्लोकावर कितीही काळ रमू शकतो. सूडकथेचा श्रोता उत्तराची वाट पाहत असतो. शेनमूने निरूपणाची गती घेतली आणि रहस्यकथेचे वचन दिले. चाहत्यांतील दुफळीचे कारण बहुतांशी या जोडणीत सापडते.

प्रतीक्षेची वर्षे

दुसरा भाग जपानमध्ये ६ सप्टेंबर २००१ रोजी आला. त्याच वर्षी सेगाने ड्रीमकास्टचे उत्पादन थांबवले होते. अमेरिकेतील ड्रीमकास्ट आवृत्ती रद्द झाली आणि तेथील खेळाडूंना २००२ मधील एक्सबॉक्स आवृत्तीची वाट पाहावी लागली. त्यानंतर मुख्य कथा पूर्णपणे थांबली. २००४ मध्ये घोषित झालेला शेनमू ऑनलाइन हा गेम रद्द झाला. २००५ मध्ये सेगाने याकुझा ही नवी मालिका सुरू केली. जपानी शहरातील लहानसा पण गजबजलेला भाग, हाणामारी, मधल्या वेळेत करमणुकीचे खेळ हे सर्व तिच्यात होते, आणि तिच्या प्रत्येक भागात एक कथा पूर्णही होत असे. शेनमूचे चाहते आजही तिच्याकडे कधी कृतज्ञतेने तर कधी काहीशा असूयेने पाहतात.

चाहत्यांनी या काळात दर महिन्याच्या ३ तारखेला समाजमाध्यमांवर एकत्रितपणे संदेश पाठवून तिसऱ्या भागाची मागणी करण्याचा उपक्रम चालवला. १५ जून २०१५ रोजी अमेरिकेतील ई-थ्री प्रदर्शनात सोनीच्या मंचावर सुझुकी यांनी किकस्टार्टरद्वारे लोकवर्गणी गोळा करण्याची घोषणा केली. २० लाख डॉलरचे उद्दिष्ट एका दिवसाच्या आत पूर्ण झाले. मोहीम संपली तेव्हा ६९,३२० वर्गणीदारांकडून ६३ लाख डॉलरहून अधिक रक्कम जमली होती. त्या संकेतस्थळावर व्हिडिओ गेमसाठी तोपर्यंत जमलेली ती सर्वांत मोठी रक्कम होती.

तिसरा भाग

डिसेंबर २०१७ साठी जाहीर झालेला तिसरा भाग अनेकदा लांबणीवर पडून १९ नोव्हेंबर २०१९ रोजी प्रकाशित झाला. कथा त्या गुहेपासूनच पुढे सुरू होते. पहिला अर्धा भाग बाइलू या खेड्यात आणि दुसरा नियाओवू या बंदरगावात घडतो. र्‍यो औषधी वनस्पती गोळा करतो, लाकडे फोडतो, मासे धरतो आणि अर्थातच पुन्हा फोर्कलिफ्ट चालवतो.

या भागात धावले की र्‍योची शक्ती कमी होते आणि ती भरून काढण्यासाठी अन्न विकत घ्यावे लागते. एका गुरूकडून डाव शिकायचा तर त्याला महागडी जुनी मदिरा आणून द्यावी लागते आणि तिच्यासाठी पैसे जमवण्यात बराच वेळ जातो. जुन्या भागांतील संथपणा खेळाडूला मोकळे सोडत असे, येथे तो त्याला कामाला लावतो, अशी तक्रार कट्टर चाहत्यांनीही केली. समर्थकांच्या मते बाइलूतील संध्याकाळी, शेनहुआबरोबरच्या रात्रीच्या गप्पा आणि गावाचा शांतपणा हेच ते शेनमू होते ज्यासाठी लोकांनी पैसे दिले होते. सुझुकी यांनी हा भाग मुख्यतः जुन्या चाहत्यांसाठी बनवल्याचे आणि चौथा अधिक व्यापक खेळाडूवर्गाला रुचेल असा करण्याची इच्छा असल्याचे नंतर सांगितले आहे.

खरा वाद शेवटावरून पेटला. र्‍यो अखेर लान दीसमोर उभा राहतो आणि हरतो. वडिलांच्या मृत्यूमागच्या प्रश्नांपैकी मोजक्यांचीच उत्तरे मिळतात. अखेरच्या दृश्यात नायक चीनच्या भिंतीवरून चालत असतो, म्हणजे प्रवास चालूच राहतो. तिसऱ्या भागापर्यंत कथेचा सुमारे ४० टक्के भाग पूर्ण होतो, असे सुझुकी यांनी सांगितले होते. चाहत्यांनी यावरून केलेला हिशेब सोपा पण अस्वस्थ करणारा आहे. १९९९ ते २०१९ या २० वर्षांत ४० टक्के, तर उरलेल्या ६० टक्क्यांना याच गतीने ३० वर्षे लागतील आणि त्या वेळी सुझुकी ९१ वर्षांचे असतील. कथेतील काळ मात्र एवढ्यात एक वर्षही पुढे गेलेला नाही.

एका गटाच्या मते वर्गणीच्या पैशांतून बनणारा भाग शेवटचा असू शकतो हे ओळखून कथा आवरती घ्यायला हवी होती. बाइलूऐवजी अधिक प्रकरणे उरकली असती तरी चालले असते, असे या गटाचे म्हणणे आहे. दुसऱ्या गटाच्या दृष्टीने उरकलेली शेनमू ही शेनमूच नव्हे, आणि अपूर्ण राहिली तरी ती आपल्याच गतीने राहावी. तिसरे मतही ऐकू येते. कथेचा उरलेला भाग कादंबरी, चित्रकथा किंवा ॲनिमेशनमधून पूर्ण करावा आणि गेमचा अट्टहास सोडावा. २०२२ मध्ये पहिल्या दोन गेमवर आधारित ‘शेनमू द अ‍ॅनिमेशन’ ही १३ भागांची मालिका आली, तेव्हा या मताची परीक्षा झाली. डझनभर तासांहून अधिक वेळ घेणारे दोन गेम तिने साधारण पाच तासांत सांगितले. कथा स्पष्ट झाली, घटना वेगाने घडल्या, पण बंदरावरची नोकरी आणि रिकामे कप्पे तिच्यात फारसे मावले नाहीत. ही मालिका पुढे चालू ठेवण्यात आली नाही.

प्रभाव

रोजच्या दिनचर्येनुसार वागणारी पात्रे आणि कथेला आवश्यक नसतानाही हाताळता येणाऱ्या वस्तू यांनी भरलेले शहर पुढे अनेक गेममध्ये दिसू लागले. पडद्यावर दिसणारे बटण क्षणात दाबण्याच्या प्रसंगांना रूढ झालेले ‘क्विक टाइम इव्हेंट’ हे नाव शेनमूमुळेच प्रचलित झाले. एप्रिल २०२५ मध्ये ब्रिटनच्या बाफ्टा या संस्थेने घेतलेल्या जनमत चाचणीत शेनमू हा आजवरचा सर्वांत प्रभावशाली व्हिडिओ गेम म्हणून निवडला गेला. चौथ्या भागाची मागणी करणाऱ्यांनी हा निकाल आपल्या बाजूचा पुरावा मानला. कथानक वेगाने पुढे न्यावे असे म्हणणाऱ्यांनीही त्याचाच आधार घेतला, कारण एवढा मान असलेली कथा अपुरी राहणे त्यांना अधिकच खटकते.