परत नेणारे विमान

अलास्काच्या नकाशावर रस्ते शोधायला बसलात तर बोट फार लांब जात नाही. राज्य आपल्या महाराष्ट्राच्या साडेपाच पट, पण राजधानी जूनोलासुद्धा बाहेरून येणारा रस्ता नाही. जायचे ते बोटीने किंवा विमानाने. दूर रानात मूस (सांबराचा थोरला भाऊ म्हणा हवे तर) किंवा कॅरिबूच्या शिकारीला जाणारे लोक म्हणून एअर टॅक्सी ठरवतात. दोनचार माणसांचे छोटे विमान. खाली पाण्यावर तरंगणारे फ्लोट नाहीतर फुग्यासारखी मोठी टायर. ते तळ्यावर किंवा नदीकाठच्या वाळूवर उतरवते आणि निघून जाते. आपल्याकडे १९७२ च्या कायद्यानंतर शिकार बंदच झाली, आणि मला तिची तरफदारीही करायची नाही. माझे कुतूहल वेगळे आहे. ज्याला आपण आयुष्यात एकदाच भेटणार अशा वैमानिकाच्या हाती जीव द्यायचा, तर तो निवडायचा कसा? या प्रश्नाला तिथे शंभर वर्षांचा इतिहास आहे.

त्या इतिहासाच्या आरंभी एक शाळामास्तर उभा आहे, हे वाचून मला फार आनंद झाला होता. कार्ल बेन आयल्सन हा १९२२ साली फेअरबँक्स गावात हायस्कूलवर शिकवायला आला. पहिल्या महायुद्धाच्या काळात लष्करात विमान चालवायला शिकला होता, ते काही त्याला वर्गात स्वस्थ बसू देईना. २१ फेब्रुवारी १९२४ रोजी त्याने फेअरबँक्सहून मॅकग्राथला टपाल विमानाने पोचवले. कुत्र्यांच्या गाडीला जिथे अडीचतीन आठवडे लागत, तिथे याला तीन तासही लागले नाहीत. परतताना मात्र अंधार पडला, वाट चुकली आणि गावकऱ्यांनी पेटवलेल्या शेकोट्यांच्या उजेडात तो कसाबसा उतरला. १९२८ साली ह्युबर्ट विल्किन्सबरोबर तो अलास्काच्या टोकावरून उत्तर ध्रुवसागर ओलांडून स्पिट्सबर्गेनला गेला. जगभर नाव झाले.

पुढच्याच वर्षी सायबेरियाच्या किनाऱ्यालगत बर्फात अडकलेल्या 'नानुक' या जहाजावरून माणसे आणि शिकारीची कातडी आणण्याचे मोठ्या रकमेचे कंत्राट त्याने घेतले. पहिली फेरी पार पडली. ९ नोव्हेंबर १९२९ ला खराब हवेत दुसऱ्या फेरीला निघाला तो आणि त्याचा मेकॅनिक अर्ल बोरलँड परत आले नाहीत. जानेवारी १९३० मध्ये शोध घेणाऱ्या वैमानिकांना बर्फातून वर आलेला पंख दिसला. कातडी जहाजावर होती, पैसे ठरलेले होते, लोक वाट पाहत होते. अशा वेळी "आज नाही" म्हणणे किती अवघड असते ते इथे कळते.

दुसऱ्या महायुद्धानंतर पायपर सुपर कब आणि कॅनडाचे बीव्हर ही विमाने आली. बीव्हरचे उत्पादन १९६७ ला थांबले, तरी ती अजून उडतात! पैसे घेऊन माणसे नेणाऱ्याला परवाना लागतो. शिवाय अलास्कात बहुतेक मोठ्या जनावरांची शिकार विमानातून उतरल्या दिवशी करता येत नाही, दुसऱ्या दिवशी पहाटे तीनपर्यंत थांबावे लागते. विमानातून हेरायचे आणि उतरून लगेच गोळी घालायची, हे होऊ नये म्हणून हा नियम. (मला तो आवडला.) म्हणजे रात्र रानात काढणे आलेच, आणि तोवर विमान गेलेले असते.

गेलेले विमान परत येईल हे कुठे लिहिलेले असते? मार्च १९८१ मध्ये कार्ल मॅकन नावाच्या छायाचित्रकाराने ब्रुक्स पर्वतराजीत एका तळ्याजवळ स्वतःला उतरवून घेतले. बरोबर पाचशे रोल फिल्म आणि सहाशे किलोंवर शिधा. परत न्यायला कोण, कधी येणार ही बोलणी मात्र मोघमच राहिली. ऑगस्ट आला तरी कुणी येईना. पुढे पोलिसांचे एक विमान डोक्यावरून गेले, तेव्हा आनंदाने त्याने एक मूठ वर केली. वैमानिकाने ओळखले, हा मजेत आहे, आणि तो निघून गेला. नंतर स्वतःच्या शिकार परवान्याच्या मागे छापलेल्या खुणा त्याने वाचल्या: एक हात वर म्हणजे "सर्व ठीक, थांबू नका". अन्न संपले, हिवाळा आला आणि त्याने स्वतःच आपले जीवन संपवले. फेब्रुवारी १९८२ मध्ये तंबू सापडला. आत डायरी होती. हे सारे आपल्याला कळते ते तिच्यामुळे.

आता उपग्रहाचे फोन आहेत, पण फोनमुळे धुके हटत नाही. तेव्हा विमान ठरवताना मी आधी विचारीन: न्यायला येण्याचा दिवस आणि जागा कागदावर लिहून द्याल का? तुम्ही आजारी पडलात तर दुसरे कोण येईल? हवेमुळे मागच्या हंगामात किती दिवस उड्डाण रद्द केले? "एकही नाही" असे अभिमानाने सांगणारा मला नको.

आणि वजन. मूस पाचसहाशे किलोंचा असतो आणि खाण्याजोगे मांस रानात टाकून येणे तिथे गुन्हा आहे. सुपर कबसारख्या विमानाने ते बाहेर काढायचे तर फेऱ्या वाढणारच. १२ सप्टेंबर २०२३ रोजी सेंट मेरीज गावाजवळ युजीन पेल्टोला हा अनुभवी वैमानिक (त्याची पत्नी मेरी तेव्हा अमेरिकी संसदेत होती) मूसच्या मांसाची दुसरी फेरी घेऊन निघाला आणि उड्डाणानंतर लगेच कोसळला. चौकशीत दिसले की वजन मर्यादेबाहेर होते आणि शिंगे पंखाच्या आधारदांड्याला बाहेरून बांधली होती. त्याला वाचवायला शिकारीच धावले. जवळ दुसरे कुणी नव्हतेच.

म्हणून मांसाच्या फेऱ्यांचा दर आधी ठरवून घ्यावा आणि एका जास्तीच्या फेरीचे पैसे बाजूला ठेवावेत. वाळूच्या पट्ट्यावर, थंडीत, शेवटच्या दिवशी "एवढे याच फेरीत बसवा की" असे म्हणणारा बहुधा गिऱ्हाईकच असतो.