यवतमाळच्या कापसाचा मार्ग आणि न्यूनतम खर्चाचे गणित

मुंबईच्या भावातून वाहतुकीचा खर्च वजा जाता जे उरते, तेच अखेर वऱ्हाडातील शेतकऱ्याच्या पदरात पडत असे. म्हणून येथील कापसाच्या इतिहासात मार्गाच्या निवडीचा विचार टाळता येत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हा कापूस बैलांच्या तांड्यांवर लादून गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत नेला जाई. पुढे मुंबईची वाट रूढ झाली. 1867 मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे नागपुरास पोहोचली. परंतु तत्कालीन वणी जिल्हा (1905 पासून यवतमाळ) या लोहमार्गाच्या दक्षिणेसच राहिला. यवतमाळहून सुमारे 46 किलोमीटरवरील धामणगाव स्थानक गाडीरस्त्याने गाठावे लागे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात किलिक-निक्सन कंपनीच्या व्यवस्थेखाली मूर्तिजापूरपर्यंत 113 किलोमीटरचा 762 मिलिमीटर रुंदीचा नॅरोगेज मार्ग झाला. हीच पुढे लोकांची 'शकुंतला'.

आता जवळचे स्थानक धामणगाव. पण मूर्तिजापूर मुंबईच्या बाजूस. कोणता मार्ग स्वस्त? रिचर्ड बेलमन यांनी 1957 च्या 'डायनॅमिक प्रोग्रॅमिंग' या ग्रंथात मांडलेली रीत अशा प्रश्नास तंतोतंत लागू पडते. सर्वोत्तम मार्गाचा शेष भागही त्या ठिकाणापासून सर्वोत्तमच असतो. म्हणून हिशेब मुंबईकडून मागे करीत यावा. केवळ उदाहरणादाखल, मुंबईपर्यंतचा शेष खर्च मूर्तिजापूरहून 6 व धामणगावहून 8 मानू. गाडीभाडे 5 असल्यास धामणगावमार्गे एकूण 13. नॅरोगेजचे भाडे 4 व मूर्तिजापूरला ब्रॉडगेजवर माल चढविण्याचे 1 धरल्यास एकूण 11. हा चढउताराचा खर्च 4 झाला, तर बेरीज 14 होऊन धामणगाव पुन्हा सरस ठरते. दारव्हा वा कारंजा येथील व्यापाऱ्यास मूर्तिजापूरपुढील गणित नव्याने मांडावे लागत नाही. एकदा काढलेली 6 ही संख्या सर्वांच्या उपयोगी पडते. सर्व मार्ग एकेक करून मोजण्याचा खटाटोप वाचतो तो येथे.

मात्र केवळ गावाचे नाव लिहून भागत नाही. सरकी काढल्यावर कापसाच्या वजनाचा साधारण एक तृतीयांश भाग रुई म्हणून उरतो. तेव्हा यवतमाळात असलेला कच्चा कापूस आणि यवतमाळातच असलेली दाबलेली गाठ या गणिताच्या दृष्टीने दोन भिन्न अवस्था होत. जिनिंगचा खर्च कोठेतरी करावाच लागतो. तो आधी केल्यास पुढील प्रत्येक टप्प्यावर सरकीचे ओझे वाहण्याचा खर्च टळतो. जिनिंग व प्रेसिंगचे कारखाने पिकाच्या प्रदेशातच का उभे राहिले, याचे निदान एक कारण येथे सापडते. अंतराच्या नकाशावर ते दिसत नाही.

शकुंतलेचे वाफेचे इंजिन 1994 मध्ये जाऊन डिझेल आले. पुढे यवतमाळची गाडीही बंद पडली. 28 फेब्रुवारी 2024 रोजी वर्धा–कळंब हा ब्रॉडगेज भाग सुरू झाला. कळंब यवतमाळ जिल्ह्यातच असल्याने, पूर्वीच्या कोष्टकात नसलेला एक नवा टप्पा या गणितात आला आहे.